हळू आवाजाचं घर

आमच्या घरात सकाळ व्हायची ती पडदे ओढून. इतरांकडे त्या वेळी खिडक्या उघडत, अंथरुणं झटकली जात, कोणीतरी कोणालातरी हाका मारत असे. आमच्याकडे आई एकेक खिडकी लावत यायची. जाड तपकिरी कापडाचे ते पडदे तिने स्वतः शिवले होते, आतून जुन्या चादरींचं अस्तर लावून. शेवटचा पडदा ओढला की घरभर मधासारखा उजेड पसरायचा, आणि त्या उजेडात बाबा हातपाय धुऊन झोपायला जायचे.

बाबा पावाच्या कारखान्यात कायमच्या रात्रपाळीला होते, भट्टीवर. गाव झोपलेलं असताना ते पाव भाजायचे आणि गाव उठलं की घरी येऊन झोपायचे. कितीही धुतलं तरी त्यांच्या भुवयांत थोडं पीठ राहायचंच. त्यांच्या उशीच्या अभ्र्याला आंबवलेल्या पिठाचा वास यायचा. लहानपणी मला वाटायचं, झोपेलाच तसा वास असतो.

आई लग्न होऊन आली तेव्हा तिला या सगळ्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. एकदा बाबा डबा विसरले म्हणून ती तो द्यायला कारखान्यावर गेली. दारावरच्या पहारेकऱ्याने एका हाताने दार उघडलं. दुसरी बाही रिकामी होती, खिशात खोचलेली. तिने बाबांना विचारलं, तेव्हा कळलं की बाबांच्या आधी भट्टीशेजारी तोच माणूस काम करायचा. घरी लहान मूल होतं, दिवसा झोप व्हायची नाही. एकदा कामावर डुलकी लागली आणि हात पीठ मळायच्या यंत्रात गेला.

घरी येऊन तिने कपाटातल्या सगळ्या चादरी काढल्या आणि पडदे शिवायला बसली.

त्यानंतर आम्ही झालो. आधी ताई, मग मी, मग धाकटा भाऊ चिमण्या. तीन मुलं आणि दोन खोल्या, त्यातल्या आतल्या खोलीत दिवसभर झोपलेला माणूस. आईने हे कसं निभावलं, याचा विचार मी आता करते तेव्हा माझी मती गुंग होते. आमच्या घरात भांड्याला भांडं लागत नसे, हे अगदी शब्दशः. प्रत्येक दोन थाळ्यांच्या मध्ये तिने फडक्याचा तुकडा ठेवलेला असायचा. नळ गळायचा, तर त्याच्या तोंडाला सुतळी बांधून तिचं टोक बादलीत सोडलेलं होतं. पाणी सुतळीवरून मुकाट खाली उतरायचं. दारांच्या बिजागऱ्यांना ती केसांना लावावं तसं तेल लावायची. कोणती फरशी डगडगते, कपाटाचा कोणता कप्पा कुरकुरतो, हे आम्हाला अक्षरओळख व्हायच्या आधी पाठ झालं होतं.

आणि आम्ही सगळे हळू बोलायचो. कुजबुज म्हणावी तर तीही नाही, कारण कुजबुजीत काहीतरी लपवायचं असतं. आमचा तो साधा बोलण्याचाच आवाज होता. भांडण झालं की आई दोघांच्या खांद्यांवर हात ठेवून दाराकडे बोट दाखवायची. "खाली अंगणात जाऊन भांडा. झालं की वर या." आम्ही रागारागाने, पण चवड्यांवर, जिना उतरायचो. खाली पोचेपर्यंत भांडण कशावरून होतं तेच आठवायचं नाही. मग उगीच थोडी ढकलाढकली करून वर यायचो, वर जाऊन काय सांगणार म्हणून.

दुपारी ती आम्हाला बाहेरच्या खोलीत मधोमध घेऊन आडवी व्हायची आणि गोष्टी सांगायची. कानाला तोंड लावून, आळीपाळीने. एक वाक्य ताईच्या कानात, एक माझ्या, एक चिमण्याच्या. मग आम्ही ते एकमेकांना पुढे सांगायचो. त्यामुळे प्रत्येकाला गोष्ट वेगळीच मिळायची. माझ्या गोष्टीत राजा घोड्यावरून निघायचा आणि चिमण्याच्या गोष्टीत तोच राजा घोडा पाठीवर घेऊन निघायचा. तिचे शब्द इतक्या जवळून यायचे की ते कोणी सांगितल्यासारखे वाटत नसत, आपल्यालाच सुचल्यासारखे वाटत. पडद्याच्या फटीतून एक उजेडाची रेघ यायची, तिच्यात धुळीचे कण वर-खाली होत राहायचे. त्या दुपारी कधी संपल्या ते मला सांगता येणार नाही. बहुतेकदा आम्ही गोष्टीच्या मध्येच झोपी जायचो आणि उरलेली गोष्ट स्वप्नात पुरी व्हायची.

शाळेत गेल्यावर माझी पंचाईत झाली. बाईंनी नाव विचारलं, मी सांगितलं. बाईंनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. बाईंना वाटलं, मुलगी मुकी आहे. त्यांनी आईला बोलावून घेतलं.

"हिला नीट बोलता येतं ना?" बाईंनी विचारलं.

"येतं की. खूप बोलते," आई म्हणाली.

बाई पुढे वाकल्या. "काय म्हणालात?"

"खूप बोलते म्हटलं."

बाईंनी एकदा आईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मला पहिल्या बाकावर बसवलं. पुढे मी मोठी होऊन डोळ्यांच्या दवाखान्यात लागले, रुग्णांची नावं पुकारायच्या कामावर. हे ऐकून त्याच बाई रस्त्यात उभ्या राहून हसल्या होत्या.

आमच्या बरोबर खाली पत्रेवाल्याचं दुकान होतं. तो पत्र्याच्या पेट्या, बादल्या, धान्याच्या कोठ्या बनवायचा, आणि पत्रा ठोकल्याशिवाय वाकत नाही. वरच्या मजल्यावरच्या बायका आईला म्हणायच्या, जाऊन एकदा चांगली खडसाव त्याला. आईला खडसावता आलंच नसतं. तिचा आवाज तेवढा वर चढतच नसे. ती दुपारी, बाबांची झोप सगळ्यात गाढ असायची त्या सुमाराला, एक झाकलेलं ताट घेऊन खाली गेली. "जास्तीचं झालं होतं," म्हणाली. पत्रेवाला एकटा माणूस. त्याने हातोडी ठेवली, हात धुतले आणि जेवायला बसला. जेवण झाल्यावर माणूस जरा टेकतो. टेकला की त्याचा डोळा लागतो. दुसऱ्या दिवशीही आईचं जास्तीचं झालं. तिसऱ्या दिवशीही झालं. असं तिचं वर्षानुवर्षं जास्तीचं होत राहिलं आणि आमच्या खालचं दुकान भर दुपारी चिडीचूप राहू लागलं. पत्रेवाले काका पुढे एकदा मला म्हणाले, "मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं गं. पण भाजी फार चांगली असायची."

तिचा खरा आवाज मी लहानपणी एकदाच ऐकला.

मला गालगुंड झालं होतं, म्हणून मी शाळेत गेले नव्हते. गळ्याभोवती फडकं बांधून बाहेरच्या खोलीत पडले होते. अंगात ताप होता आणि तपकिरी उजेडात भिंती जवळ येत होत्या, लांब जात होत्या. आई मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला गेली होती. ताई आणि चिमण्या शाळेत. बाबा आत झोपलेले.

खाली पत्रेवाल्याची, पत्र्याचे सांधे जोडायला डाग द्यायची शेगडी कलंडली आणि शेजारी रचलेल्या पोत्यांनी पेट घेतला. हे सगळं मला नंतर कळलं. मला त्या वेळी एवढंच कळलं की खालून एक आवाज आला. तो मी कधी ऐकलेला नव्हता. खोल, रुंद, भरलेला, जसा एखादा मोठा दरवाजा उघडावा तसा.

"अहो."

मग पुन्हा, आणखी मोठ्याने. "अहो... अहो, उठा."

इमारतीला चार मजले होते, आणि प्रत्येक मजल्यावर कोणी ना कोणी नवरा त्या दिवशी घरी होता. आपल्याला बायकोची हाक आली असं वाटून एकेक नवरा गॅलरीत आला. कोणी दाढीला फेस लावलेला, कोणी बनियनवर, कोणी तोंडातला घास तसाच ठेवून. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांची बायको तर त्यांच्या शेजारीच उभी होती, तरी ते "आलो, आलो" म्हणत जिना उतरू लागले. खाली येऊन पाहतात तर धूर. आले तसे सगळे कामाला लागले. कोणी वाळू टाकली, कोणी बादल्या लावल्या.

फक्त जिला हवा होता तिचा नवरा तेवढा आला नाही. बाबा झोपलेलेच होते. इतक्या वर्षांत त्यांच्या झोपेला बाहेरून काही शिवलंच नव्हतं, तर जागं व्हायचं कसं, हे त्यांचं शरीर विसरून गेलं असावं. दाराखालून धूर येऊ लागला. "उठा" अशी हाक मारणारी आईच असणार, हे मला तेव्हा कळलं. मी उठले, आतल्या खोलीत गेले. झोपलेल्या बाबांना हात लावायचा नाही, हे आमच्याकडे विस्तवाला हात लावायचा नाही तसं होतं. मी त्यांचा खांदा हलवला.

"बाबा, आई ओरडतेय."

त्यांनी डोळे न उघडता विचारलं, "कोण ओरडतंय?"

"आई."

त्यांचे डोळे उघडले. "आई? ओरडतेय?" धुराने जे झालं नव्हतं ते या शब्दाने झालं. त्यांनी मला चादरीत गुंडाळून उचललं आणि जिन्याने खाली धावले. खाली आई उभी होती, हातात ओला टॉवेल तसाच पिळलेला. आम्हाला पाहिल्यावर ती अंगणातल्या दगडावर बसली आणि तिने टॉवेल तोंडावर दाबून धरला.

आग पोत्यांवरच निभावली. पत्रेवाले काकांचा हात कोपरापर्यंत भाजला. महिनाभर आईच त्यांना मलमपट्टी करायची. पट्टी बांधून घेता घेता ते म्हणाले, "वहिनी, तुमची एक हाक आणि अख्खी इमारत खाली. माझ्या ठोकाठोकीचं काय घेऊन बसलात." ही गंमत इमारतीत फार वर्षं चालली. आई जिन्यात दिसली की कोणीतरी म्हणायचं, "आम्हाला हाक मारलीत का?"

बाबा मात्र चेष्टा करत नसत. काही दिवसांनी, संध्याकाळी कामावर निघताना, बूट चढवता चढवता ते म्हणाले, "तुझा आवाज एवढा आहे, हे मला माहीत नव्हतं."

"तुम्ही कधी विचारलंत," आई म्हणाली, नेहमीच्या हळू आवाजात.

"परत एकदा मार ना हाक."

"चला, उशीर होतोय तुम्हाला." तिने हाताच्या मागे तोंड लपवलं होतं. ती हसत होती.

मग मध्ये वर्षं गेली, ती मला एका लांबलचक दुपारीसारखी आठवतात. ताई परिचारिका झाली. चिमण्या मालवाहू गाडी चालवू लागला, आणि घराबाहेर पडल्या पडल्या इतक्या मोठ्याने बोलायला लागला की जणू लहानपणापासूनचं सगळं थकलेलं बोलणं एकदम वसूल करत होता. मी लग्न केलं नाही. आईजवळच राहिले. आणि एके दिवशी बाबा निवृत्त झाले.

ते पहिल्यांदा रात्री झोपून सकाळी उठले तेव्हा आई पडदे ओढायला निघाली होती. सवयीने. तिचा हात पडद्यावर होता आणि ती तशीच थांबली. मग तिने स्टूल घेतलं, वर चढली आणि पडदे एकेक करून काढून टाकले. मी आणि तिने ते टबात भिजवले. पाणी चहासारखं झालं, पुन्हा पाणी घेतलं, तेही चहासारखं झालं. वाळत घातले तेव्हा आमची गॅलरी पुरली नाही, शेजारच्या मावशींची मागून घ्यावी लागली.

घरात एवढा उजेड आम्ही कोणी पाहिलेला नव्हता. भिंतीचा रंग खरा कोणता, ते कपाट हलवल्यावर कळलं. आई खोलीच्या मध्यभागी उभी राहून चहूकडे पाहत होती, एखाद्या अनोळखी ठिकाणी उतरल्यासारखी. बाबा चहा पीत खुर्चीवर बसले होते, खिडकीसमोर. ती त्यांच्याकडे पाहत राहिली.

"तुमचे डोळे घारे आहेत होय?" तिने विचारलं.

बाबांनी कप खाली ठेवला. "लग्नात होतेच की."

"लग्नात मी खाली बघत होते."

त्या दिवसांत दोघंही एकमेकांना बिचकून असायची. आयुष्यभर त्यांची गाठ पडायची ती दिवेलागणीला आणि उजाडताना, एक उंबऱ्यातून बाहेर जाताना नाहीतर आत येताना. आई मला स्वयंपाकघरात गाठून म्हणायची, "हा माणूस आता दिवसभर घरात असणार. काय बोलायचं गं याच्याशी?" बाबांनीच वाट काढली. त्यांना दुपार बघायची होती. दुपार कशी असते, हे त्यांना माहीत नव्हतं. आई त्यांना दुपार दाखवायला घेऊन जायची. शाळा सुटते ती बघायला. टपाल कचेरीच्या पायऱ्यांवर लोक पाकिटं चिकटवतात ते बघायला. चौकातल्या झाडाची सावली कुठून कुठे सरकते ते बघायला. बाकावर दोघं बसायची, आणि बाबा साध्यासाध्या गोष्टींवर विचारायचे, "हे रोज असंच असतं?" आई घरच्या मालकिणीच्या थाटात सांगायची, "रोज." जसं काही ते सगळं तिनेच मांडून ठेवलं होतं.

सात-आठ वर्षं त्यांनी अशा दुपारी पाहिल्या. मग पिठाने भरलेली बाबांची छाती थकली आणि ते गेले, झोपेतच.

त्यानंतर आईला शांतता सोसेना. ती दिवसभर रेडिओ लावून ठेवायची, भांडी मुद्दाम आपटायची. सुतळी तिने नळाची काढून टाकली. नळ टपटपत राहायचा आणि ती त्याच्याकडे कान देऊन बसायची. त्याच सुमारास आमच्या गल्लीतले निवृत्त पोस्टमन क्लॅरिनेट शिकायला लागले होते. त्यांच्या बायकोने सांगून टाकलं होतं की घरात एक तर ते वाद्य राहील नाहीतर ती. पोस्टमन बिचारे पुलाखाली जाऊन वाजवायचे. आईला हे कळलं तशी ती त्यांना भेटली आणि म्हणाली, "आमच्याकडे या. दुपारी. खुशाल वाजवा."

पोस्टमन फार वाईट वाजवायचे. सूर चढता चढता घसरायचा, मग ते थांबून, "माफ करा हं," म्हणायचे आणि पुन्हा तिथूनच घसरायचे. आई समोर बसून बटाटे सोलत ऐकायची. शेवटी शेजारच्या मावशी तक्रार घेऊन आल्या. ज्या इमारतीत कोणाला आमच्या घरातून कधी हूं की चूं ऐकू आलं नव्हतं, तिथे आमच्याविरुद्ध ही पहिली तक्रार.

"अहो, दुपारी डोळा लागत नाही आमचा," मावशी म्हणाल्या.

आई त्यांना आत घेऊन आली, बसवलं. "या घरात फार शांतता साठलीय," ती म्हणाली. "थोडी खर्च करू द्या." आणि त्यांच्यासमोर चहा ठेवला. मावशी चहा पिऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या, पण ऐकायला. पोस्टमन त्यांनाही "माफ करा हं" म्हणाले.

नव्वदीला टेकली तसं आईला ऐकू येईनासं झालं. ज्या घरात आम्ही श्वाससुद्धा बेताने घेतला, तिथे आता तिच्याशी ओरडून बोलावं लागायचं. आणि स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे तीही मोठ्याने बोलायची. तोच आवाज, अंगणातून आलेला. खोल, रुंद. म्हातारपणी तो थोडा फाटला होता, पण मी तो ओळखला. आता तो दिवसभर घरात असायचा. "मीठ कमी आहे," असं ती म्हणाली की खालच्या दुकानातला माणूस वर बघायचा.

ती बराच वेळ खिडकीजवळच्या खुर्चीत डोळे मिटून बसायची. झोपलेली नसायची आणि जागीही नसायची. अशीच एकदा मला म्हणाली, "पाणी पडतंय."

मी तिच्या कानाशी ओरडले, "कुठे?"

"कानात. मोठ्याने पडतंय. बंधाऱ्याचं."

डॉक्टर म्हणाले, बहिरेपणात होतं असं, कानात एकसारखा घोंगावणारा आवाज येत राहतो. त्याला फारसा इलाज नाही. आईला इलाज नकोच होता. तिने मला तेव्हा पहिल्यांदा सांगितलं की तिच्या वडिलांचं घर नदीच्या बंधाऱ्याला लागून होतं. बंधाऱ्यावरून पाणी कोसळायचं ते रात्रंदिवस. त्या घरात कोणी हळू बोललं तर ते कोणाला ऐकूच जायचं नाही. सगळे ओरडून बोलायचे. जेवायला या, ओरडून. अभ्यासाला बसा, ओरडून. तिची आई तिला अंगाईसुद्धा ओरडून म्हणायची. "सगळ्यात मोठा आवाज माझा," ती म्हणाली. "पलीकडच्या काठावर जायचा. लग्न होऊन इथे आले आणि पहिल्या दिवशी, तुझे बाबा कामावर गेलेले असताना, सासूबाईंशी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांच्या हातातली वाटी पडली."

आम्ही समजत होतो की आई मुळातच तशी आहे, हळू, जसं एखादं माणूस ठेंगणं असतं. ती तशी झाली होती. तिने आवाज मिटून ठेवला होता, आणि त्याबद्दल आयुष्यभर अवाक्षर काढलं नव्हतं.

मी विचारलं, "तुला जड नाही गेलं?"

तिला ऐकू गेलं नाही, किंवा गेलं असेल. ती म्हणाली, "झोप छान लागायची त्यांना."

चिमण्याला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "नेऊ या तिला." पुढच्या रविवारी त्याने गाडीत गादी टाकली. ताई आली. आम्ही आईला मध्ये बसवलं आणि निघालो. रस्ता लांब होता, थोडं धुकं होतं. झाडं धुक्यातून पुढे यायची आणि मागे विरून जायची. आई कधी मला ताई म्हणत होती, कधी ताईला स्वतःच्या बहिणीच्या लाडक्या नावाने हाक मारत होती, आणि आम्ही ज्या नावाची हाक येईल तिला ओ देत होतो.

बंधारा होता. पण नदीवर वरच्या अंगाला केव्हाच मोठं धरण झालं होतं. बंधाऱ्यावरून पाणी पडत नव्हतं. त्याच्या भिंतीवर गवत उगवलं होतं, आणि अलीकडे-पलीकडे पाणी सपाट, आरशासारखं, धूसर. कुठे पानही हलत नव्हतं. काठावर एक माणूस गळ टाकून बसला होता. आम्ही तिघं एकमेकांकडे पाहत राहिलो. एवढ्या लांब तिला आणलं आणि इथे तर काही नाही, असं मनात आलं.

आईने हात वर केला. "ऐका," ती म्हणाली.

तिचा चेहरा उजळला होता. तिच्या कानात पाणी कोसळत होतं आणि डोळ्यांसमोर बंधारा होता. दोन्ही एकत्र आल्यावर तिला आणखी कशाची गरज नव्हती. पाण्याच्या आवाजावरून पोचावं म्हणून ती पूर्ण ताकदीने बोलू लागली. घर तिथे होतं, त्या उंचवट्यावर. इथे आम्ही कपडे धुवायचो. त्या दगडावरून धाकट्याने उडी मारली आणि त्याचा दात पडला. शांत पाण्यावरून तिचा आवाज सरळ पलीकडे जात होता आणि तिकडच्या धुक्यातून किंचित उशिराने परत येत होता.

चिमण्याने माझ्याकडे पाहिलं, मग तोंडाभोवती हात धरून तोही ओरडला, "पोहायला येत होतं का तुला?"

"तर काय," आई ओरडली. "तुझ्यापेक्षा चांगलं."

ताई, जी दवाखान्यात सगळ्यांना गप्प करण्यात हयात घालवून आली होती, तीही ओरडायला लागली. मीही. आम्ही चौघं त्या नीरव पाण्याच्या काठी उभी राहून घसा ताणून बोलत होतो. मासे पकडणारा माणूस उठून आमच्याजवळ आला.

"अहो, जरा हळू बोला ना," तो म्हणाला. "मासे पळतील."

चिमण्या त्याच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलला. त्या माणसाने आईकडे पाहिलं. मग तो परत जाऊन आपल्या जागी बसला, आणि थोड्या वेळाने आईने त्याला हाक मारून विचारलं, "काही लागलं का?" तेव्हा तोही ओरडून म्हणाला, "अजून नाही, आजी."

परतताना ती चिमण्याच्या गाडीत गादीवर आडवी झाली आणि ताईचा हात धरून झोपली.

त्यानंतर ती सहा-सात महिने होती. कसलं दुखणं नाही, फक्त दिवसेंदिवस हलकी होत गेली. एका दुपारी मी बाहेरच्या खोलीत इस्त्री करत होते आणि ताई स्वयंपाकघरात होती. आतून आईचा आवाज आला. मोठा, आनंदी, लांबवर कोणालातरी सांगावं तसा. शब्द कळले नाहीत. ताई हात पुसत आली, मी इस्त्री उभी करून ठेवली. आम्ही आत गेलो तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते आणि तोंड थोडं उघडं होतं. ताईने सवयीने मनगट हातात घेतलं, बराच वेळ धरून ठेवलं, आणि मग मला शेजारी बसायला जागा करून दिली.

संध्याकाळपर्यंत माणसं येत राहिली. मावशी आल्या, पोस्टमन आले, इमारतीतले जुने नवे सगळे आले. चिमण्या लांबच्या फेरीवरून अर्ध्या रस्त्यातून परतला. त्याला नुसतं बसवेना, म्हणून त्याने सगळ्यांसाठी चहा टाकला. साखर घालायला तो विसरला होता. कोणीही त्याला तसं म्हटलं नाही. सगळ्यांनी चहा संपवला, आणि मावशींनी तर आणखी अर्धा कप मागून घेतला.